साय-फाय सिनेमांची क्रमवारी लावायची तर पहिला नंबर कुणाचा?

तुम्ही विचारलंय की मित्रांमध्ये साय-फायच्या क्रमवारीवरून दर वेळी भांडण होतं, तर क्रम लावायचा कशावर आणि माझा पहिला कोणता. भांडण मिटवायचा उपाय माझ्याकडे नाही. आमचंच गेली बारा-तेरा वर्षं चालू आहे, सदाशिव पेठेतल्या एका अमृततुल्यच्या बाकड्यावर. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने पाच नावं चिठ्ठीवर लिहायची, पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. बेरीज आमच्यातला सीए करतो, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर.

पहिला तास नेहमी एकाच वादात जातो: 'स्टार वॉर्स' धरायचा की नाही. माझं मत, नाही. राजकन्या, तलवारी, गुरू-शिष्य, दुष्ट सम्राट. अंतराळयानं काढून घोडे घातले तरी काही बिघडत नाही. १९७७ पासून लोक त्याच्यावर जीव टाकतात, टाकोत, पण त्याची पंगत वेगळी. दुसरा वाद 'कोई मिल गया'चा. एक जण दर वर्षी त्यातल्या परग्रहवासी जादूला पाच गुण देतो आणि चहाचे पैसेही तोच देतो, त्यामुळे कुणी फार बोलत नाही.

आता कसोटी. आधी मी विज्ञानाच्या चुका मोजायचो. 'द मार्शियन'मध्ये वादळाने यान कलंडायला येतं, पण मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ माणसाला ढकलणार कुठून? या हिशोबाने निम्मी यादी बाद होते आणि उरते ती बघवत नाही. मग कसोटी बदलली. विज्ञान चुकलं तर चुकू दे, सिनेमातला शास्त्रज्ञ शास्त्रज्ञासारखा वागतो का?

या कसोटीवर 'मार्शियन' एकदम वर येतो. मंगळावर एकटा अडकलेला तो गडी रडत बसत नाही, बटाटे किती, उष्मांक किती, दिवस किती, याचा हिशोब मांडतो. आणि सगळ्यांचा लाडका 'इंटरस्टेलर' खाली घसरतो. हो, माहीत आहे. कृष्णविवराचं चित्र भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलंय, त्यांना पुढे २०१७ चं नोबेलही मिळालं (गुरुत्वीय लहरींसाठी, सिनेमासाठी नव्हे). त्यातल्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हा भाग बघून मी स्वतः डोळे पुसलेत. पण दोन वर्षं प्रवास करून शनीपाशी पोचल्यावर, कृमिविवराच्या (वर्महोल, म्हणजे अवकाशातला दूरवर नेणारा बोगदा) अगदी तोंडाशी, एक शास्त्रज्ञ कागद दुमडून त्याला पेनाने भोक पाडतो आणि वैमानिकाला कृमिविवर म्हणजे काय ते समजावतो. अरे, निघण्याआधी सांगायचं ना! आपल्याकडे अष्टविनायकाला निघालेला बसचा ड्रायव्हरही रस्ता आधी विचारून घेतो.

'अरायव्हल' माझ्याकडे दुसरा, तो फळ्याच्या प्रसंगामुळे. लष्करी अधिकाऱ्याला घाई: परग्रहवासीयांना विचारा, पृथ्वीवर यायचा तुमचा हेतू काय. भाषातज्ज्ञ बाई ते वाक्य फळ्यावर लिहून त्याची चिरफाड करतात. प्रश्न म्हणजे काय हे समोरच्याला कळतं का? 'तुमचा' म्हणजे या एकट्याचा की सगळ्यांचा? इंग्रजीत तो घोळ आहेच. आपल्याकडे 'तुझा' आहे म्हणून सुटलो म्हणावं, तर आदरार्थी 'तुमचा' परत तिथेच आणून सोडतो. तिसरा '२००१: अ स्पेस ओडिसी'. १९६८ चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षीचा, आणि त्यात अंतराळात आवाज नाही हे भान आहे. मेव्हणा दोनदा झोपलाय त्यात. चूक त्याची.

पहिला 'कॉन्टॅक्ट', १९९७ चा. चुका यातही आहेत. सुरुवातीला कॅमेरा पृथ्वीपासून लांब लांब जातो आणि रेडिओवरची गाणी जुनी जुनी होत जातात. कल्पना झकास, पण गुरूपर्यंत रेडिओलहर तासाभराच्या आत पोचते, तिथे वीस-वीस वर्षांपूर्वीची गाणी कशी? परग्रहावरचा संदेश शोधणारी खगोलशास्त्रज्ञ नायिका हेडफोन लावून आकाश ऐकते, तेही खोटंच. एका विज्ञानदिनाला पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. तिथल्या विद्यार्थ्याला विचारलं, ऐकता कुठून? तो हसून म्हणाला, "काका, ऐकायचं काही नसतं, सगळं संगणकात जातं." मी मान वर करून बघत राहिलो. पंचेचाळीस मीटरची तबकडी, पण भरीव नाहीच. तारेची जाळी, तिच्यातून आरपार ढग दिसत होते. सिनेमातल्या न्यू मेक्सिकोच्या तबकड्या २७, प्रत्येकी २५ मीटरच्या. आपल्या ३०, प्रत्येकी ४५ च्या. पुणेकर असल्यामुळे ही तुलना करणं भाग होतं.

तरी पहिला का? कारण त्यातली नायिका बहुतेक वेळ निधी मागत फिरते. समित्यांपुढे उभी राहते, नकार ऐकते, परत जाते. आणि संदेश आल्यावर, मूळ संख्यांची ती टकटक सुरू झाल्यावर, ज्या वरिष्ठाने तिचा निधी कापलेला असतो तोच माइकसमोर उभा राहतो. ती बाजूला उभी राहून ऐकते. माझी बहीण संशोधनात आहे. तो प्रसंग आला तेव्हा ती म्हणाली, "हा माहितीपट आहे," आणि उठून पाणी प्यायला गेली.

यंदाच्या बेरजेत 'इंटरस्टेलर' दोन गुणांनी पहिला आला. पत्रिका सीएकडे आहे. फेरमोजणीचा अर्ज मी दिलाय, तो म्हणतो मार्चअखेर संपल्यावर बघू.