प्लेऑफ सीडिंग: सुरुवातीला एवढंच बघ

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये कोणत्या टीमला कितवं सीड (क्रमांक) मिळतं हे कळत नाही म्हणतोस ना? अरे घाबरू नकोस, पहिल्या वर्षी सगळ्यांचाच गोंधळ होतो. सुरुवातीला दोन-तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ झालं.

१) २०२४ चा नियम आणि आत्ताचा नियम मिसळू नकोस, नवीन लोकांची सगळ्यात कॉमन चूक हीच. १२ टीम्स तेव्हाही होत्या, पण पहिली चार सीड्स फक्त कॉन्फरन्स (टीम्सचा गट, म्हणजे लीग) चॅम्पियन्सना मिळायची, म्हणून बॉइझी स्टेट ही टीम रँकिंगमध्ये नववी असूनही तिसरं सीड आणि पहिल्या राउंडला सुट्टी घेऊन बसली. (सुट्टी मिळालेल्या चारही टीम्स पहिलीच मॅच हरल्या म्हणा!) २०२५ पासून सीडिंग सरळ रँकिंगप्रमाणे, पण त्या वर्षीही रँकिंगमधल्या टॉप पाच कॉन्फरन्स चॅम्पियन्सना प्लेऑफमध्ये जागा पक्की होती.

२) पाच ते आठ सीड म्हणजे पहिली मॅच घरच्या मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत, त्यामुळे आठवं आणि नववं यात फरक एका नंबरचा नाही, स्टेडियमचा आहे.

३) नुसता रेकॉर्ड बघू नकोस. २०२४ ला इंडियाना ११-१ (११ जिंकल्या, १ हरली) होती तरी शेड्यूल सोपं म्हणून लोकांनी झोडपलं, आणि शेड्यूल अवघड असूनही तीन मॅच हरलेली अलाबामा बाहेर राहिली, मग कोच लोक म्हणणारच ना की अवघड टीमशी मॅच ठेवून आम्हाला काय मिळालं?

टायब्रेकर (बरोबरी झाली तर वर कोण, याचे नियम) वगैरे सध्या सोड. नोव्हेंबरमध्ये दर आठवड्याला प्लेऑफच्या टीम्स निवडणाऱ्या कमिटीची रँकिंग येते ती बघत जा, अडलं की विचार.