529मधून कुस्तीच्या ट्रिपा? थांबा जरा

नमस्कार दादा, मेसेज दोनदा वाचला. मुलगा न्यू जर्सीत अकरावीत, शाळेच्या रेसलिंग टीममध्ये, आणि समोर तीन ट्रिपा: व्हर्जिनिया बीचची नॅशनल्स 900 डॉलर, जुलैत नॉर्थ डकोटातल्या फार्गोची राष्ट्रीय स्पर्धा 1,900, ऑगस्टमध्ये कोचबरोबर बल्गेरिया 4,200. झाले 7,000. वहिनी म्हणतात 529मधून, म्हणजे पोराच्या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, काढू, नाहीतरी त्याचेच पैसे आहेत.

नका काढू. ट्रिप हा शिक्षणाचा खर्च धरला जात नाही. तुमच्या 529मध्ये 40,000 आहेत, त्यातले 24,000 तुम्ही भरलेले आणि 16,000 वाढलेले, म्हणजे 7,000 काढले की त्यातले 2,800 नफा धरणार, त्यावर तुमच्या 22 टक्क्यांनी 616 टॅक्स आणि वर 10 टक्के पेनल्टी 280. झाले 896, स्टेटचं अजून वेगळंच. व्हर्जिनिया बीचची अख्खी ट्रिप टॅक्समध्येच गेली की!

आता स्कॉलरशिपचं. "एवढं फिरवलं तर कॉलेज फुकट होईल" हे तुमचं वाक्य वाचून थोडं हसू आलं, राग मानू नका. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, कित्येक वर्षं अख्ख्या टीमला मिळून 9.9 स्कॉलरशिप होत्या, त्या तीसेक पोरांत तुकडे करून वाटायच्या. 2025 पासून नियम बदललेत, पण कुस्ती म्हणजे फुटबॉल नव्हे, तिथे पैसा कमीच. खालच्या डिव्हिजन थ्रीत तर खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. तेव्हा ट्रिपेला गुंतवणूक म्हणू नका, हौस म्हणा. हौसेला माझी ना नाही, आजोबा गंगावेश तालमीत घुमलेले, नातू मॅटवर उतरतोय, कोणाला आनंद होणार नाही?

व्हर्जिनिया बीचला पाठवाच. गाडीने जाता येतं, आणि तिथे त्याच्याच इयत्तेची देशभरातली पोरं भेटतात. फक्त एक लक्षात ठेवा, दोन कुस्त्या हरला की बाहेर, आणि एक कुस्ती सहा मिनिटांची, म्हणजे 900 डॉलरमध्ये कदाचित बाराच मिनिटं मॅटवर. म्हणून अख्खं घर नेऊ नका, दुसऱ्या पालकाबरोबर रूम शेअर करा, फ्रिज-मायक्रोवेव्हवाली बघा, वजन दिल्यावर पोरगं जे खायला सुटतं ते बाहेर खाऊ घातलंत तर बिल बघून तुम्हीच चितपट व्हाल.

फार्गोला मात्र त्याची आपल्या स्टेटच्या टीममध्ये निवड झाली तरच. तिथे फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन, म्हणजे ऑलिंपिकमधली कुस्ती असते, शाळेतली फोकस्टाइल नाही, त्याला त्याची सवय आहे का हे कोचला स्पष्ट विचारा. आत्तापासून महिन्याला 300 बाजूला टाका.

बल्गेरिया मात्र या वर्षी नको. तुमच्या कार्डावर 9,000 थकलेत 24 टक्क्यांनी, महिन्याला 180 डॉलर नुसतं व्याज जातंय आणि त्यावर अजून 4,200 चढवायचे? ते आधी फेडा.

आणि बूस्टर क्लबच्या, म्हणजे टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या क्लबच्या, भरवशावर राहू नका. तुमच्या पोराने जमवलेले पैसे त्याच्याच नावे जमा व्हावेत असं वाटणं साहजिक आहे, पण करमुक्त क्लबला तसं करता येत नाही, आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातं, हरकत घेतं. तुम्ही त्याच्या ट्रिपसाठी भरलेले पैसे देणगी म्हणूनही दाखवता येत नाहीत.

बल्गेरियाचं डिपॉझिट भरलंय का ते तुम्ही लिहिलं नाहीये. भरलं असेल तर परत मिळायची तारीख आजच बघा.