आठवीच्या मुलांना भूगोल जवळचा कसा वाटेल?

तुम्ही विचारलंय की मुलांना भूगोल म्हणजे नुसती घोकंपट्टी वाटते, तो त्यांच्या रोजच्या जगण्याशी कसा जोडायचा. मी कुर्ल्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझं उत्तर सोपं आहे: पावसाच्या पाण्यापासून सुरुवात करा.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवताना मी कित्येक वर्षं फळ्यावर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं काढायचे. पोरं ती निमूट वहीत उतरवायची आणि परीक्षेनंतर विसरायची. मग एका जुलैत, पाऊस जरा उघडल्यावर, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला. एका मुलीने ना दुकान दाखवलं ना देऊळ. वाटेवर नुसतं लिहिलेलं: ‘इथे घोट्यापर्यंत’, ‘इथे गुडघ्यापर्यंत’, ‘फाटकाशी कोरडं’.

तोच नकाशा मी फळ्यावर मोठा काढला आणि पाणी जिथे संपतं त्या कडेकडेने खडू फिरवला. साचलेल्या पाण्याची कड सगळीकडे एकाच उंचीवर असते. झाली की समोच्च रेषा! पाणी आणखी वीतभर चढलं तर कड कुठे जाईल, असं विचारल्यावर वर्गात एकच गलका. सपाट गल्लीत ती लांबवर पसरेल, चढावर लगेच थांबेल, हे पोरांनीच सांगितलं. रेषा विरळ म्हणजे उतार मंद, दाट म्हणजे तीव्र, हे मग वेगळं शिकवावं लागलं नाही.

याला जोडूनच 26 जुलै 2005 घ्या. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 73. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प राहा. ‘बाई, एकाच मुंबईत?’ हा प्रश्न येतोच. त्याच दुपारी मोठी भरती होती, त्यामुळे मिठी नदीच्या पाण्याला समुद्रात जायला वाट मिळेना. भरती-ओहोटीचा धडा इथेच उरकतो. आठवडाभर वर्तमानपत्रातून भरतीच्या वेळा उतरवायला लावा, ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते हे मुलं स्वतः शोधतात. घरच्यांना त्या दिवसाबद्दल विचारून यायला सांगितलंत तर दुसऱ्या दिवशीचा तास पुरत नाही.

सगळंच जमतं असं नाही. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते तो, मुंबईत मेच्या मध्याला येतो, तेव्हा सुट्टी; दुसऱ्यांदा जुलैअखेरीस, तेव्हा आभाळ भरलेलं. मला तो वर्गाला अजून एकदाही दाखवता आलेला नाही.

एक मात्र सांभाळा. कोणाकोणाच्या घरात पाणी शिरतं, हे हात वर करायला लावून विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. एका मुलाने हात वर केला, मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि तो पुढे दोन दिवस शाळेत आला नाही. तेव्हापासून मी फक्त रस्त्यावरच्या पाण्याबद्दल विचारते.