प्रश्न तुमचे: ‘सल्ला द्या’ या प्रश्नात गुण कुठे जातात?

मी बारावी कॉमर्सला आहे. ८ गुणांच्या ‘सल्ला द्या’ प्रश्नात गणित बरोबर येते, दोन पाने भरतात, तरी ३-४ गुणच मिळतात. काय चुकते? (विद्यार्थिनी, म्हापसा)

बहुतेकदा उत्तर आकड्यापाशी थांबते आणि उरलेली जागा व्याख्या भरून काढतात. ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा होईल इतकी विक्री) म्हणजे काय, हे इथे कुणी विचारलेलेच नसते.

समजा प्रश्न असा आहे: पणजीतली खानावळ चालवायला घ्यावी का? महिन्याचा स्थिर खर्च ६०,००० रुपये, माशाच्या ताटाची किंमत १५०, ताटामागे बदलता खर्च ९०, अपेक्षित विक्री महिन्याला १,३०० ताटे.

आधी कच्चे गणित कर. ताटामागे ६० रुपये सुटतात, म्हणून ६०,००० भागिले ६०, म्हणजे १,००० ताटांवर ना नफा ना तोटा. वरच्या ३०० ताटांचे १८,००० रुपये नफा. सूत्र, आकडे घातलेली ओळ आणि एककासह उत्तर, तिन्ही पानावर दिसू देत. शेवटी बेरीज चुकली तरी पद्धतीचे गुण हाती राहतात.

खरा सल्ला यापुढे सुरू होतो आणि बहुतेक मुले नेमकी इथेच पेन खाली ठेवतात. हा नफा कशावर अवलंबून आहे, ते विचार. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, मासळी महागते. बदलता खर्च ११० झाला, तर ताटामागे ४०च रुपये सुटतील आणि ब्रेक-इव्हन १,५०० ताटांवर जाईल. १,३०० ताटे विकूनही महिन्याला ८,००० तोटा. मग निर्णय असा लिही: ‘खानावळ घ्यावी, पण या दोन महिन्यांसाठी किमान १६,००० रुपये बाजूला ठेवून, पावसात गिऱ्हाईक घटले तर त्याहून जास्त.’ ‘फायदे आहेत तसे तोटेही आहेत’ असे लिहून सोडलेस तर तो सल्ला होत नाही.

वेळही बांधून घे. ८० गुणांना ३ तास असतील, तर ८ गुणांना १८ मिनिटे येतात. त्यातली ३ प्रश्न वाचून आकड्यांखाली रेघ मारायला दे.

कर्जाचा फ्लॅट व्याजदर आणि घटत्या शिलकीचा व्याजदर यांची तुलना कशी मांडावी? (वाचक, फोंडा)

मुद्दल, मुदत आणि दर दोन्हीकडे सारखे धरा व ते पहिल्याच ओळीत लिहा. १,००,००० रुपये, वर्षाला १२ टक्के, २४ मासिक हप्ते: फ्लॅट दराने व्याज २४,०००, हप्ता सुमारे ५,१६७. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरले तर, हप्ता सुमारे ४,७०७, व्याज जवळपास १२,९७६. कारण न लिहिता नुसता फरक दाखवला तर उत्तर अर्धेच राहते: फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज लागत राहते.