रॅन्सची खडूची तळघरं पहिल्यांदा बघताना

फ्रान्समधल्या रॅन्स शहरातली शॅम्पेनची जुनी तळघरं बघायला जाताय, तर बुकिंग आधी करा आणि भर उन्हाळ्यातही जाकीट घ्या. खाली बारा महिने १० ते १२ अंश तापमान असतं. पायऱ्या पुष्कळ, त्यातही ओलसर, तेव्हा घसरणारे बूट नकोत.

उतरल्यावर बाटल्यांकडे धावू नका, आधी मान वर करा. ही जागा वाइनसाठी खोदलेलीच नाही. बांधकामाच्या दगडासाठी खणलेल्या या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, खाणी. तोंड अरुंद आणि खाली रुंद होत गेलेला पिरॅमिडसारखा आकार; भिंतींवर हत्यारांचे घाव अजून स्पष्ट दिसतात. शॅम्पेनवाले आले फार नंतर. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात शहरातली माणसं अशाच तळघरांत राहिली, मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. हा भाग गाईडकडून नीट ऐकाच.

मग भोकं पाडलेल्या तिरप्या फळ्यांपाशी थांबा. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना यीस्टचा गाळ उरतो. तो काढता यावा म्हणून बाटली या भोकांत अडकवून, रोज थोडी फिरवत, हळूहळू उलटी करत तो बुचापाशी आणतात. ही रीत १८१६ च्या सुमारास शॅम्पेनचा व्यवसाय चालवणाऱ्या मादाम क्लिको यांच्या तळघरात आकाराला आली.

बाटल्या का फुटायच्या, हेही विचारा. दुसऱ्यांदा आंबवायला बाटलीत साखर घालतात; लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की तयार होणाऱ्या वायूमुळे बाटलीतला दाब सुमारे १ बारने, म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. पूर्वी साखर अंदाजाने पडे. एक बाटली फुटली की शेजारच्याही जात. म्हणून कामगार लोखंडी मुखवटे घालत.