मावशीची केमो सुरू झाली आहे, तिला मेसेजमध्ये काय लिहू?

"लवकर बरी हो" आणि "धीर सोडू नकोस" टाळा. पहिलं तिच्या हातात नाही, दुसऱ्याने रडायचीही चोरी होते. एवढंच लिहा: "मावशी, तुझी आठवण येते. उत्तर द्यायची घाई नाही." शेवटचं वाक्य गाळू नका, केमोनंतरचे काही दिवस फोन उचलायचंही त्राण नसतं.

"काही लागलं तर सांग" म्हटल्यावर सहसा कुणी सांगत नाही. नेमकं विचारा: "गुरुवारी मुगाची मऊ खिचडी आणू का?" (फोडणीच्या वासानेही मळमळतं, म्हणून साधीच.) केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर भेट नको, फोन करा. आणि गोमूत्राचे फॉरवर्ड? अजिबात नको.