‘ते यायलाच तयार नाहीत, मग मी कुठे जाऊ?’

दारू सोडवण्याच्या केसमध्ये सल्ल्यासाठी माझ्याकडे पहिल्यांदा येते ती बहुतेक वेळा बायको, नाहीतर आई. मागच्या पावसाळ्यात आलेल्या ताई अंगणवाडी सेविका, नवरा गॅरेजात मेकॅनिक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली. “मॅडम, ही भाजीत कालवायची म्हणे. त्यांना कळतही नाही आणि दारू सुटते.” अठराशे रुपये देऊन कुरिअरने मागवली होती. वर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे त्याचा पत्ता.

डायसल्फिराम नावाचं एक औषध डॉक्टर देतात, पण लिव्हर, हृदय तपासून आणि पेशंटला पूर्ण कल्पना देऊन. ते पोटात असताना दारू घेतली तर धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणं, प्रसंगी जिवावर बेतणं. पुडीत ते असेल तर? पुडी मी ठेवूनच घेतली.

“मग घरीच बंद करायला लावते. श्रावणात केली होती की त्यांनी!”

श्रावणात काय झालं, ते खोदून विचारलं. पहिल्या दिवशी हात इतके कापत होते की चहा बशीत सांडायचा. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून चादरीने झटकत बसले. सासूबाईंनी नारळ उतरवून टाकला. बाहेरचं काही नव्हतं हो. सकाळपासून पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास, ताप, बरळणं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणून अशांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात होते.

“गावभर होईल, मॅडम.” गावाला आधीच ठाऊक असतं, पण हे तोंडावर सांगून उपयोग नसतो. म्हटलं, आधी फोन करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन. जवळचं केंद्र विचारता येतं. नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६.

आणि नवरा येत नसला तरी तुम्ही जाऊ शकता. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन १९५१ मध्ये. फी नाही, ऐच्छिक वर्गणी फिरते, नाही टाकली तरी चालतं. एएला अट एकच, दारू सोडायची इच्छा. ओपन मीटिंगला घरचेही बसतात, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांची. संध्याकाळी कुठल्यातरी शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरते. वेळा बदलतात, त्यामुळे आधी फोन करून विचारावं. ताईंनी मुद्दाम शेजारच्या शहरातली मीटिंग धरली, ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून. तिथे त्यांच्याच बीटमधली (अंगणवाड्यांच्या गटातली) एक सेविका भेटली! दोघी आता एकाच एसटीने जातात.

“गाडी पाठवून उचलून नेतो” म्हणणाऱ्या केंद्रांविषयी माझं मत कडक आहे. मानसोपचारतज्ज्ञ कोण, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, भेटायला येऊ देता का, घरी सोडल्यावर फॉलोअप कसा: याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे भरू नका. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. चांगलं केंद्र कसं असतं हे तिथे जाऊन बघता येतं.

ताईंनी घरी दोन गोष्टी थांबवल्या: नवऱ्याची उधारी फेडणं आणि “ताप आलाय” म्हणून गॅरेजला खोटं कळवणं. मालकाने एकदा हाकलून दिल्यावर नवरा स्वतःहून ओपीडीत आला. आठवडाभर ॲडमिट, मग मीटिंगा. भावकीतल्या लग्नात एकदा घसरला, पण लपवलं नाही. ताईंचा आत्ताचा प्रश्न वेगळाच आहे: एटीएम कार्ड परत त्याच्या हातात द्यायचं का? पुढच्या भेटीत दोघांनाही बोलावलंय.